येळवशीचं गाणं : कामाच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

भाऊबीज झाली, पाहुणे पांगले आणि स्टुडिओचं कुलूप काढतोय तोवर संभाजीनगरहून फोन. एका खासगी एफएम स्टेशनला ‘मराठवाड्याच्या मातीतलं’ गाणं पाहिजे. सणाचं असलं तर बरं. तीन मिनिटांच्या आत. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. मी म्हणालो, येळवस करू. पलीकडे जरा शांतता. मग, “म्हणजे वेळ अमावस्या का? ती लातूरकडची?” हो, लातूर-धाराशिवकडची, रानात जाऊन साजरी करायची. पलीकडे कर्नाटकात तिलाच एळ्ळ अमावस्या म्हणतात. संभाजीनगरात ती नाही, पण लातूरची पोरं तिथं शिकायला, नोकरीला ढीगभर आहेत आणि येळवशीला त्यांचा जीव गावाकडं लागतो. हे पटलं असावं. पैसे फार नाहीत, पण वेळेवर देऊ म्हणाले. दोन्ही एकदम मिळाल्याचं मला तरी आठवत नाही.

यंदा येळवस ३० डिसेंबरला, सोमवारी.

ही वही अशासाठी की मागच्या कामात कोणता टेक का ठेवला आणि कोणता का फेकला, ते चार महिन्यांनी मलाच सांगता आलं नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

ज्यांच्यासाठी गाणं करायचं ते स्टेशन ऐकायला पाहिजे. पण ते इथं लागतच नाही. एफएमची लाट सरळ रेषेत जाते, टॉवरपासून पन्नास-साठ किलोमीटरवर दमते. लातूर तिथून दोनशेच्या पुढं. भाचा तिथं इंजिनिअरिंगला आहे, त्याला म्हटलं सकाळचा एक तास रेकॉर्ड करून पाठव. त्यानं पाठवला, सोबत खोलीतल्या पंख्याचा आवाज फुकट.

दोनदा ऐकला. पहिल्या वेळी गाणी ऐकली, दुसऱ्या वेळी गाण्यांच्या कडा. एकही गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजलं नाही. सुरुवातीच्या वाद्यांवर आरजे बोलतो आणि गायकाचा आवाज यायच्या अगदी तोंडावर थांबतो. कसब आहे, नाही म्हणवत नाही. शेवटी मुखडा परत सुरू झाला की आवाज खाली, त्यावर स्टेशनची जिंगल, मग जाहिराती: प्लॉट, क्लासेस, सोनं आणि सध्या उमेदवार. दुसरा अंतरा बऱ्याच गाण्यांत गायब. ज्यानं तो लिहिला असेल त्याला बिचाऱ्याला पैसे पूर्ण गाण्याचे मिळाले असतील अशी आशा.

आमच्या घरी परभणी केंद्र लागायचं, मीडियम वेव्हवर. फर्माइशीच्या कार्यक्रमात नावांची यादीच गाण्याहून लांब असायची. वडील यादी पण तितक्याच लक्षपूर्वक ऐकायचे, जणू गावातलं कुणी निघेल. एकदा निघालंही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार (कार्तिकी)

पंढरपूरच्या गर्दीतून उभ्यानं मुरूड, तिथून आत्याकडं. तिच्या ओसरीत जातं अजून आहे, पण गिरणी आल्यापासून त्याच्यावर पाण्याचा माठ बसलाय. माठ उतरवला. ती म्हणाली, खुंटा हातात असल्याबिगर ओवी येत न्हाई. मग मूठभर जोंधळा घेऊन बसली. मी माइक लावत होतो.

“काय करूलालास रे? किती येळ म्हनायचं?”

“तीन मिनिटं.”

“तीन मिन्टात तर जात्याला घास बी लागत न्हाई.”

बावीस मिनिटं रेकॉर्ड केलं. मधेच शेजारीण आली, बोलणं झालं, परत तिथूनच ओवी पुढं. आणि इथं मला थोडा धक्का बसला. मी मनात धरून चाललो होतो की आपलं जुनं गाणं ऐसपैस आणि रेडिओचं गाणं तुकड्यातुकड्याचं. पण ओवीसारखी तुकड्यांची रचना दुसरी नाही. दोन ओळींत एक गोष्ट पुरी. कुठूनही ऐकायला लागा, कुठंही उठून जा. दळणारीच्या शेजारी येऊन बसणारी मधेच येते आणि मधेच जाते, आणि ओवीला हे ठाऊक आहे. गाडीत बसल्या-बसल्या रेडिओ लावणाऱ्याची तरी वेगळी काय गत असते?

फरक मापाचा. आत्याला विचारलं, थांबायचं कधी? “पायली सरंल तवा.” म्हणजे गाण्याची लांबी दाण्यांनी ठरायची. गाणाऱ्यानं ती कधी ठरवलीच नव्हती.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या. लाखभर ओव्या, आणि एकीलाही तीन मिनिटांची अडचण नाही. अडचण आहे ती मला, त्या एकीपुढं दुसरी ठेवून त्याचं ‘गाणं’ करताना.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज काम नव्हतं. प्रचाराच्या रिक्षा ओरडतायत, माइक उघडायची सोय नाही. बसून मापांचा विचार केला.

तीन मिनिटं आली कुठून? रेडिओच्या आधी तबकडीतून. ७८ फेऱ्यांची दहा इंची तबकडी, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा रात्रभर गाणाऱ्या बाईला तेवढ्यात सगळं बसवावं लागलं, आणि शेवटी इंग्रजीतून स्वतःचं नावही पुकारायचं होतं. कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत. तिथल्या माणसाला लेबल कुणाचं लावायचं ते कळायला पाहिजे. पुढं सिनेमाची गाणी त्याच मापात शिवली गेली. मोठं झालं तर तबकडी उलटायची, भाग पहिला, भाग दुसरा.

मग रेडिओनं त्या मापावर घड्याळ बसवलं. इथं आपल्याकडची गंमत अशी की सरकारी रेडिओनं सिनेमाचं गाणं आधी ढकलून लावलं. बाळकृष्ण केसकर, आपलेच पुण्याचे, १९५२ पासून दहा वर्षं माहिती आणि नभोवाणी मंत्री. त्यांना आकाशवाणीवर शास्त्रीय संगीत हवं होतं, सिनेमाच्या गाण्यावर त्यांनी कात्री लावली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवरून अमीन सायानींची गीतमाला सुरू झाली, एका टूथपेस्टच्या नावानं. लोक तिकडं गेले. आकाशवाणीला १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढावी लागली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई-पुणे-नागपूरहून विविध भारतीवर जाहिराती वाजायला लागल्या. दहा वर्षांत सरकारही दुकानात बसलं.

गीतमालेची पायदानं ही मला जास्त महत्त्वाची वाटतात. रेकॉर्डच्या दुकानांतून विक्री कळायची, श्रोता संघांची पत्रं यायची, त्यावरून गाण्याचा क्रमांक. गाण्याला असा नंबर मिळायला लागला की लिहिणाऱ्याच्या टेबलावर आपोआप एक माणूस येऊन बसतो, आणि तो विचारतो, हे ओठांवर राहील का? अमेरिकेत त्याच सुमाराला ओमाहा शहरात टॉड स्टॉर्झ नावाच्या स्टेशनवाल्यानं पाहिलं की ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकून गाणं लावायच्या यंत्रावर, लोक नवं शोधत नाहीत, तेच तेच गाणं पुन्हा लावतात. त्यानं मोजकी गाणी दिवसभर फिरवत ठेवली. तीच पद्धत अजून चालू आहे. फक्त फिरवणारा आता माणूस नसून सॉफ्टवेअर.

एक किस्सा आवडता. १९६४ साली फिल स्पेक्टर या निर्मात्याचं गाणं पावणेचार मिनिटांच्या घरात गेलं. इतकं लांब कुणी लावणार नाही. त्यानं गाणं कापलं नाही, लेबलवर ३:०५ छापलं. स्टेशनवाल्यांनी लेबल पाहून लावलं. हा उपाय आता चालत नाही, फाइल स्वतःच आपली लांबी सांगते.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. रिक्षा परवा संध्याकाळी सहाला गप्प झाल्या. शहर इतकं शांत की आत्याच्या रेकॉर्डिंगमधला जात्याचा घरघर आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. त्याला एक सूर आहे. पंचमाच्या जरा खाली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

तुळजापूरकडून संबळवाले मामा आले, सोबत तुणतुण्याला त्यांचा पुतण्या. मी त्यांना काही सांगितलं नाही, तुमच्या पद्धतीनं होऊ द्या म्हटलं. मामांनी हात जोडून सुरुवात केली. तुळजापूरची आई, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी, परळीचा वैजनाथ, औंढ्याचा नागनाथ, एकेकाला गोंधळाला या म्हणून बोलावलं. मग गावदेव. मग आत्याच्या गावची म्हसोबाची पट्टी. मग ऐकणाऱ्यांतले थोर. मग मी, स्टुडिओचा मालक म्हणून. मी काचेच्या आत लाजलो.

बोलावणंच पावणेदोन मिनिटांचं झालं, तेही मामांच्या मते ‘घाईत’. त्यानंतर येळवशीचं: कडब्याची कोप म्हणजे खोपटं, पाच पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड, बाजरीचे उंडे, मिसळभाज्यांची भज्जी, आंबिल, रानभर आंबिल शिंपत जाणारा माणूस आणि त्याच्यामागं ओरडत जाणारी पोरं. पोरांच्या त्या आरोळीचे शब्द प्रत्येक गावात वेगळे, म्हणून मामांनी दोन गावचे दोन्ही घातले, भांडण नको.

एकूण १४ मिनिटं २० सेकंद. एका दमात. मी कधी केलेल्या रेकॉर्डिंगमधलं सगळ्यात चांगलं. आणि कामाचं अजिबात नाही.

२ डिसेंबर, सोमवार

रात्रीच्या गाडीनं संभाजीनगर. स्टेशनच्या ऑफिसात एसी इतका की माझे कान दुखले. प्रोग्रामिंगच्या मॅडम वयानं लहान, पण कामात पक्क्या, आणि मी समजून आलो होतो तशा अजिबात नव्हत्या. गाणं पूर्ण ऐकलं. चौदा मिनिटं. मग म्हणाल्या, “सर, हे मी घरी ऐकेन. इथं लावू शकत नाही.”

त्यांनी स्क्रीन फिरवून दाखवलं. तासाचं एक चक्र असतं, घड्याळासारखंच गोल. त्यात ब्रेक कुठं, आरजेची लिंक कुठं, नवं गाणं कुठं, सगळ्यांना माहीत असलेलं कुठं. ब्रेकच्या आधी ओळखीचं गाणं, म्हणजे माणूस हलत नाही. ब्रेक संपल्यावरही ओळखीचंच, म्हणजे परत आलेला टिकतो. नव्याला जागा मधल्या बोळकांडीत, दोन ओळखीच्यांच्या मध्ये हात धरून. प्रत्येक गाण्याची एक पाटी: एकूण लांबी, गायकाचा आवाज कितव्या सेकंदाला येतो, शेवट विरत जातो की एकदम तुटतो. आरजेला पाहिजे ते तेवढंच.

“गायकाचा आवाज किती सेकंदांत यायला हवा?” मी विचारलं.

“दहा-बारा. पंधरा म्हणजे खूप झाले.”

“आणि आई तुळजाभवानी?”

मॅडम हसल्या. “आम्ही पण बोलावतोच की सर. ते आरजे करतो.”

परतीच्या गाडीत बीडपर्यंत हेच डोक्यात. गोंधळ्याचं बोलावणं आणि आरजेची बडबड, दोन्ही त्या जागी एकच काम करतात: कुणासाठी चाललंय, कोण कोण आलंय ते सांगणं. म्हणजे बोलावणं गेलं नाही. ते गाण्यातून काढून पगारी माणसाकडं दिलं. पण मामांनी वैजनाथाला बोलावलं तेव्हा वैजनाथ येईपर्यंत थांबायची तयारी होती. इथं ज्याला बोलवायचं तो बटणावर बोट ठेवून बसलेला.

आणखी एक त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवतो. गाणं तपासताना काही ठिकाणी श्रोत्यांना फोनवर पूर्ण गाणं ऐकवत नाहीत. सात-आठ सेकंदांचा सगळ्यात ओळखीचा तुकडा ऐकवतात, त्याला हुक म्हणतात, आणि विचारतात आवडतं का, कंटाळा आला का. म्हणजे लिहिणाऱ्याची खरी परीक्षा आठ सेकंदांची. बाकीची अडीच मिनिटं त्या आठ सेकंदांची वाट पाहण्यात आणि परत येण्यात घालवायची.

५ डिसेंबर, गुरुवार

लिहायला बसलो. पहिला खर्डा आत्याच्या वळणाचा, ‘पहिली माझी ओवी’ म्हणून मोजत जाणारा. फाडला. मोजत जाणारं गाणं म्हणजे शेवटापर्यंत थांबायचं वचन, आणि शेवट वाजणारच नाही. दुसरा:

येळवस येळवस, काळी माय न्हाली दवात
घुम घुम बिंदगी वाजे उभ्या जोंधळ्याच्या रानात

हे ‘घुम घुम’ माझं नाही. आमचा कीबोर्डवाला आत्याकडं आला होता तेव्हा आंबिलीची रिकामी मातीची बिंदगी तळव्यानं वाजवत बसला होता. आत्या ओरडली, फुटंल! पण आवाज रेकॉर्ड झालेला. तोच ताल धरला. हुक सापडलं असं म्हणतात ते हेच असावं. कवितेच्या वहीत ‘घुम घुम’ मी कधी लिहिलं नसतं. इथं तेच पहिल्यांदा लिहिलं आणि बाकीच्या ओळी त्याच्याभोवती बांधल्या, आधी खुंटा ठोकून मग जातं मांडावं तशा.

एक अडचण राहते ती नावाची. जुन्या रचनेत नाव शेवटी. गंगाखेडची जनाबाई शेवटच्या चरणात स्वतःला ‘जनी’ म्हणून बसवून ठेवते, नरसीचा नामा तसाच, पैठणचे एकनाथ तसेच. सही खालीच असते. पण रेडिओत पहिला बळी शेवटाचा. आवाज विरवायचा तिथं नेमकी सही. गौहर जाननं नाव पुकारलं तेही शेवटीच, पण तबकडी तरी शेवटापर्यंत फिरायची.

आत्याला फोन केला. तुझं नाव घालायचं, पण वरच्या बाजूला, पहिल्याच अंतऱ्यात. ती म्हणाली, “माजं कशाला? माहेराचं घाल.” आणि फोनवरच, दम न घेता:

तेरचं माझं माहेर, काका गोरोबाची माती
लेकीच्या बिंदगीला त्याच चाकाची गं गती

गोरोबाकाका तेरचे, जातीचे कुंभार, आणि आत्या तेरची लेक. बिंदगी तिथं जाऊन पोचली. मी तीन दिवस घुम घुम करतोय आणि हिनं भाजी निवडता-निवडता गाण्याचा अर्थ लावून दिला. ही ओवी पस्तिसाव्या सेकंदाला आणायची. त्याच्या मागं कुठंही नाही.

९ डिसेंबर, सोमवार

आवाजाचं काम. संबळ जोडीचा, एक बारीक, एक ढाला. ढाल्याचा घुमारा स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर पोटात लागतो, मोबाइलवर अदृश्य. ऐकणारे बहुतेक मोबाइलवर, नाहीतर गाडीत. म्हणून घुमाऱ्याला वर एक पातळ प्रत जोडली, त्याच ठोक्याची, कानाला कळेल अशी. मोठ्या स्टुडिओत मिक्स तपासायला मुद्दाम एक रद्दीतला वाटावा असा छोटा स्पीकर ठेवतात. आमच्याकडं शेजारच्या पाटलांचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टरच्या टेपवर, इंजिन चालू ठेवून ऐकलं. आत्याचे शब्द कळले तर मिक्स पास.

वर स्टेशनचा प्रोसेसर असतो तो वेगळाच. हळू आवाज उचलायचा, मोठा दाबायचा, सगळं एका उंचीवर, म्हणजे चॅनल फिरवणाऱ्याला आपलं स्टेशन लहान वाटू नये. आत्या एका जागी आवाज अगदी खाली नेते, ‘माय’ म्हणताना. प्रोसेसरमधून ती जागा बाकीच्याइतकीच येणार. म्हणून त्या जागी मी मागची सगळी वाद्यं काढून टाकली. आवाज खाली नेता येत नसेल तर भोवतालची गर्दी तरी हटवावी. ही युक्ती कामाची, पुढंही वापरायची.

१४ डिसेंबर, शनिवार

मामांना कापलेलं ऐकवलं. २ मिनिटं ४८ सेकंद. ऐकून तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, “चांगलं झालंय. फक्त ह्याला गोंधळ म्हनू नका.” मी म्हटलं नाही म्हणणार. “आन् माजं नाव घालू नका. आईला बोलावल्याबिगर मी वाजवत नसतो.” नाव घालायचं नाही असं ठरलं. पैसे घेतले. वाद नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

फाइल पाठवली. गायकाचा आवाज ९ व्या सेकंदाला. त्या नऊ सेकंदांत फक्त बिंदगी आणि संबळ, आरजेला मोकळं अंगण.

२१ डिसेंबर, शनिवार

उत्तर आलं. गाणं आवडलं. दोन सूचना.

एक, पहिला शब्द ‘येळवस’ नको. तिथल्या अर्ध्या श्रोत्यांना कळणार नाही, आणि न कळणाऱ्या शब्दावर बोट बटणाकडं जातं. तो जरा आत घ्या. दोन, एका बियाणेवाल्याचं नाव ध्रुवपदात बसेल का, तो सण प्रायोजित करतोय.

दुसऱ्याला स्पष्ट नाही. त्यांनीही ताणलं नाही. विचारून पाहिलं असावं, बाजारात विचारतात तसं.

पहिल्यावर मात्र मी चिडलो, मग रात्री उशिरा कबूल केलं की त्यांचं बरोबर आहे. ऐकणाऱ्याला दारातच अडवणारा शब्द मी ठेवला होता. वर्षानुवर्षं मला राग येतो की रेडिओच्या मराठीत आमच्याकडचं एक अक्षर नसतं, सगळं पुण्याहून इस्त्री करून आलेलं. त्या रागातून शब्द पुढं ढकलला. तो रागही गाण्यात नको. फिरवलं:

घुम घुम बिंदगी, काळी माय न्हाली दवात
येळवशीला आंबिल शिंपू उभ्या जोंधळ्याच्या रानात

आता ‘बिंदगी’ तरी कुणाला कळते? पण ती वाजते ना. वाजणारा शब्द माहीत नसला तरी चालतो, सांगणारा शब्द माहीत लागतो. आणि येळवस दुसऱ्या ओळीत आली ती हात धरून आली, आंबिलीचा एक, रानाचा एक. पहिल्यापेक्षा बरी बसली हे लिहिताना त्रास होतोय.

२४ डिसेंबर, मंगळवार

कागद आले. शब्द, चाल, ध्वनिमुद्रण, ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’. असल्या कागदावर मी पूर्वी डोळे झाकून सह्या केल्यात. २०१२ साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला, जावेद अख्तर राज्यसभेत त्यावर बोलले होते. गीतकार-संगीतकाराला गाणं पुढं वाजेल त्या रॉयल्टीतला आपला वाटा असा कायमचा लिहून देता येत नाही, वारस आणि कॉपीराइट सोसायटी सोडून. फोन केला. पलीकडचा माणूस चकित झाला नाही, फक्त म्हणाला हा आमचा नेहमीचा नमुना आहे, बदलून देतो. बदलून दिला. आता वर्षभर वाजवायची परवानगी, तेवढीच.

गीतकाराच्या रकान्यात एकच ओळ. त्यांच्या माणसानं सुचवलं, ओवी आहे तर ‘पारंपरिक’ लिहा, सोपं पडेल. परंपरेनं रचली म्हणता, मग ५ डिसेंबरला भाजी निवडत कोण होतं? बारीक अक्षरात दोन नावं बसवली, आत्याचं वर.

३० डिसेंबर, सोमवार, येळवस

सकाळपासून आत्याच्या रानात. जोंधळा छातीपर्यंत, हरभऱ्यावर दव. कोप बांधली, पांडव मांडले, चुलतभाऊ डोक्यावर आंबिलीची बिंदगी घेऊन बांधाबांधानं आंबिल शिंपत गेला, पोरं मागं ओरडत.

गाणं अकराच्या तासात लागणार होतं. पण आम्ही ज्याच्यासाठी ते केलं त्या रानात ते स्टेशन लागत नाही, हे ८ नोव्हेंबरलाच लिहिलंय, तरी कोपीत सगळे माझ्याकडं बघत बसलेले. मोबाइल काढला. अकरा चाळीसला भाच्याचं व्हॉट्सॲप आलं. त्यानं मित्रांच्या खोलीत रेडिओपुढं फोन धरला होता.

आरजे म्हणाला, लातूर-धाराशिवच्या सगळ्या मित्रांनो, आज तुमच्या घरी भज्जी आहे आणि तुम्ही मेसमध्ये. मग नवव्या सेकंदाच्या तोंडावर थांबला, अगदी बरोब्बर. मागं भाच्याच्या मित्रांची शिट्टी. घुम घुम. येळवशीला. संबळाची पातळ प्रत कळत होती, म्हणजे ट्रॅक्टर खोटं बोलला नाही. मग ‘तेरचं माझं माहेर’. आत्यानं भाकरीचा घास हातातच धरला. ‘माय’ची जागा आली तेव्हा त्या खोलीत कुणी तरी भांडं पाडलं. दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ सुरू झाली, आवाज खाली गेला, आणि प्लॉटची जाहिरात. एनए, टायटल क्लिअर.

“झालं?” आत्या.

“झालं.”

“दुसरं कडवं तर म्हनलंच न्हाई मी.”

“कापलं त्यांनी.”

तिनं घास खाल्ला, पाणी प्याली, आणि दुसऱ्या अंतऱ्यापासून म्हणायला लागली. तो संपला, मग माझ्या कागदावर नव्हत्या त्या ओव्या. चुलत्या, भावजया मिळाल्या. पोरं भज्जी परत वाढून घेत होती. आंबिलीचा हंडा खाली होईपर्यंत चाललं. मी रेकॉर्डर आणला नव्हता, सणाला काम नको म्हणून.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

फाइली हार्ड डिस्कवर ठेवल्या. पूर्ण, संबळवाले मामा, बोलावण्यासह: १४:२०. रेडिओचं: २:४८. भाच्याच्या क्लिपवरून, प्रत्यक्ष वाजलं ते: १:३७, आरजेसकट. आत्याचं ओसरीवरचं: २२:०५, त्यात शेजारणीचं बोलणं आहे, कापलेलं नाही.

पैसे आज जमा झाले. मामांचे दिले होतेच. आत्याच्या वाट्याचे द्यायला रविवारी जायचं. ती घ्यायची नाही, म्हणून तेरहून एक नवी बिंदगी घेऊन जायचं ठरवलंय. जुनीला आमच्या कीबोर्डवाल्यानं शेवटी तडा घातलाच.